चार नंबरच्या रायफलीत नऊ नंबरचा बोल्ट

रायफल जड होती म्हणून ती सैन्याने घेतली नाही, असं अहवालात लिहिलंय. धादांत खोटं आहे. गोळ्यांशिवाय तीन किलो आठशे ग्रॅम भरायची ती. माझी बायको बाजारातून येते तेव्हा तिच्या एकेका हातात याहून जास्त ओझं असतं आणि वर ती तीन जिने चढते. पण छापलेलं वाक्य एकदा कागदावर बसलं की ते कुणी उठवत नाही. मागच्या महिन्यात शस्त्रांवर लेख लिहिणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला. "इतकी चांगली रायफल, दहाच का बनल्या?" मी म्हटलं, "वीस बनल्या. जड होती." आणि फोन ठेवला.

वीस वर्षं झाली, तरी तेच उत्तर देतो. शेवटच्या चाचणीच्या दिवशी रायफलीच्या मागे माझ्या मेहुण्याचा चेहरा होता आणि रायफलीवर माझा शिक्का होता. बाकी जे काही आहे ते या दोन गोष्टींच्या मधलं आहे.

मी कारखान्यात तपासणी खात्यात होतो. आमची खोली सगळ्यात थंड आणि सगळ्यात स्वच्छ. कप्प्यांना आतून मऊ कापड लावलेलं, त्यात मोजमापाची गेजं झोपवून ठेवलेली. गेजाचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. एवढंच शास्त्र. पण त्यावर मी इतका जीव लावला होता की घरचे माझी थट्टा करायचे. मेहुणा तर म्हणायचा, "भावोजींनी लग्नात ताईच्या बोटात अंगठी घालताना आधी गेज घालून बघितलं." हा मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा सगळ्यात धाकटा भाऊ. त्याला घरात आणि कारखान्यात सगळे बारक्या म्हणायचे, अंगाने तो दारात मावत नव्हता तरी. तो कारखान्याच्या गोळीबार पट्ट्यावर नेमबाज होता. आम्ही बनवायचो ते पहिल्यांदा झाडून बघणं हे त्याचं काम.

आणि त्याचे वडील, म्हणजे माझे सासरे, जुळणीच्या शेडमध्ये मुख्य फिटर. मी त्यांना मामा म्हणायचो. त्यांचं बाक खिडकीपाशी होतं. बाकावर कापडात गुंडाळलेल्या सात कानशी, एक खडूचा तुकडा आणि एक तेलाची बाटली. शेडमध्ये एक रीत पडून गेली होती, कुणी घालून दिली ते कुणालाच आठवत नव्हतं. मामांचा हात फिरल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. मामा अंगठा फिरवायचे, कुठे अडतंय ते डोळे मिटून शोधायचे, कानशीचे दोन हलके हात मारायचे आणि म्हणायचे, "आता जा." त्यांच्या अंगठ्यावर रेषा उरल्या नव्हत्या. ओळखपत्रासाठी ठसा घ्यायची वेळ आली तेव्हा शाईचा नुसता डाग उमटला आणि कारकुनाने कपाळाला हात लावला.

एका घरात नेमबाज, फिटर आणि तपासनीस. लोक म्हणायचे, तुमच्या घरात बंदूक जन्मते, नाव ठेवलं जातं आणि शाळेतही घातली जाते. पण घरात आम्ही कामाचं अवाक्षर काढायचो नाही. सासूबाईंचा तसा हुकूम होता. "दाराच्या आत लोखंड आणायचं नाही," त्या म्हणायच्या, आणि मामा पायपुसण्यावर चपला झटकून मगच आत यायचे. आज वाटतं, तो हुकूम एकदा जरी मोडला असता. एका जेवणात जरी.

ती रायफल ड्रॉइंगसाहेबांची. ड्रॉइंग ऑफिसमधले किडकिडीत गृहस्थ, उन्हाळ्यातही गळ्याला मफलर. सात वर्षं त्यांनी तिच्यात घातली होती. चिखलात बुडवून काढली तरी चालायची, शिपायाला ती कुठल्याही हत्याराशिवाय उघडता यायची, आणि नेम असा की बारक्या झाडून आला की शिट्टी वाजवत यायचा. चाचणीसाठी दहा बनवायच्या ठरल्या. त्या दहा पास झाल्या की सगळ्या सैन्याला तीच. मामांना निवृत्त व्हायला दीड वर्ष होतं. ते कधी बोलले नाहीत, पण आम्हाला कळत होतं. ही दहा म्हणजे त्यांची शेवटची मोठी कामगिरी.

आता माझी करणी सांगतो. नियम असा होता की मशीनवरून आलेले भाग आधी मोजायचे, मग मामा त्यांची जुळणी करणार, आणि जुळणी झालेली रायफल पुन्हा माझ्याकडे आली की मी ती पूर्ण खोलायची, बोल्ट बाहेर काढायचा आणि त्याची अकरा मापं पुन्हा घेऊन कार्डावर लिहायची. बोल्ट म्हणजे काडतुसाच्या मागची कडी. दार बंद करून कडी घालतो ना, तशी. कडी घट्ट बसली तर स्फोटाचा जोर पुढे नळीतून जातो. कडीत फट राहिली तर काडतूस मागे फाटतं, आणि मागे झाडणाऱ्याचा चेहरा असतो.

पहिली रायफल मी नियमाप्रमाणे खोलली. मामा काही तरी विचारायला म्हणून आले आणि दारात थांबले. त्यांनी त्यांची रायफल माझ्या टेबलावर सुटी पडलेली बघितली, तिचा प्रत्येक तुकडा मी भिंगाखाली धरत होतो ते बघितलं, आणि तसेच परत गेले. त्या रविवारी जेवायला गेलो तर मामा माझ्याशी फार सभ्यपणे बोलत होते. घरी येताना बायको म्हणाली, "अहो, बाबांना लागलं. म्हणत होते, जावईबापूंनी माझं काम पार उलगडून बघितलं, काही राहिलं की काय त्यात."

मी काय करायला हवं होतं ते आता शेंबडं पोरही सांगेल. मी काय केलं? पुढच्या नऊ रायफली मी खोलल्याच नाहीत. जुळणी झालेली रायफल हातात घ्यायचो, बोल्ट बंद करून आतून गेज लावायचो. बरोब्बर यायचं. प्रत्येक वेळी. मामांचंच काम ते, येणारच. मग पहिल्या रायफलीचं कार्ड शेजारी ठेवायचो आणि तीच अकरा मापं नव्या कार्डावर उतरवायचो. शेवटचा आकडा जरा मागेपुढे करायचो, म्हणजे खरं वाटावं. आणि बोल्टच्या दांड्यावर माझा शिक्का ठोकायचो, छोटा त्रिकोण, आत माझा नंबर. नऊ वेळा. सासऱ्याचा मान राखला म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

त्या नऊंमध्ये मामा काय करत होते ते मला माहीत नव्हतं.

वर्षभर चाचण्या झाल्या. धूळ, पाणी, थंडी, उष्णता, हजारो गोळ्या. दहाही रायफली हसत हसत पार पडल्या. ड्रॉइंगसाहेबांनी मफलर काढला होता, इतके खुशीत. शेवटच्या दिवशी चाचणी समितीचे अध्यक्ष, एक बुटके कर्नल, तोंडात सतत खोकल्याची गोळी, पट्ट्यावर आले. त्यांनी आग्रहाने मामांनाही बोलावून घेतलं होतं. "ज्याने बनवल्या त्याने बघायला नको?" मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. गोळीबार पट्ट्यावर ते बहुतेक दहा वर्षांनी येत होते. बारक्याने लांबूनच सलाम ठोकला आणि मामांनी हसू दाबत मान फिरवली.

कर्नल म्हणाले, "आता शेवटचं एक करू. दहाही खोला आणि भाग मिसळा."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी गोळी गालातून गालात फिरवली. "माझे शिपाई दहा रायफली एका टबात धुतात. कुणाचा बोल्ट कुणाच्या रायफलीत जाईल, ते नंबर बघत बसणार नाहीत. गोळ्या येत असतात हो अंगावर. मिसळा."

त्यांच्या माणसाने बोल्ट काढून एका पत्र्याच्या ताटात ओतले. खळखळ आवाज झाला. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "सुटे भाग मोजलेत ना? कार्डं आहेत?"

"आहेत," मी म्हटलं. फाइल पुढे केली. त्यांनी दहाही कार्डं चाळली. अकरापैकी अकरा, अकरापैकी अकरा. "वा," ते म्हणाले. "पुन्हा मोजायचे का आत्ता? गेजं इथे नाहीत ना?"

"आणायला अर्धा तास लागेल."

"गरज आहे?"

मी म्हटलं, "नाही."

एक शब्द. विचार केला नाही असंही नाही. केला. मामांच्या हातचं काम, वर्षभर झाडलेल्या रायफली, आणि दहा लोकांसमोर काय सांगायचं, की कार्डं खोटी आहेत? जीभ आपोआप टाळूला लागली आणि तो शब्द बाहेर आला.

मग मी वळलो आणि मामांना बघितलं. ते ताटाकडे बघत होते. चेहरा पांढराफटक. असा चेहरा मी त्यांचा आधी कधी बघितला नव्हता. त्यांनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं, अगदी विचारल्यासारखं. मला वाटलं, म्हातारा माणूस, शेवटचा दिवस, घाबरलेत, विचारतायत की होईल ना सगळं नीट. मी त्यांना धीर द्यावा म्हणून मान हलवली. हो, नीट होईल. त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी श्वास सोडलेला मला दिसला.

बारक्या वाळूच्या पोत्यांमागे आडवा झाला. नव्या रायफलीची पहिली गोळी लांबून दोरी ओढून झाडायची पद्धत होती. पण या नव्या कुठे होत्या? दोरीचं नावही कुणी काढलं नाही.

एक नंबर. ठो. ठीक. दोन नंबरचा बोल्ट बंद होताना अडला. बारक्याने तळहाताने थाप मारली तेव्हा बसला. कर्नलनी वहीत काही लिहिलं. तेव्हा पहिल्यांदा ते वाक्य डोक्यात स्पष्ट उमटलं, की आपण हे मोजलेले नाहीत. मामा एक पाऊल पुढे सरकले. त्यांनी परत माझ्याकडे बघितलं. मी पायाखालच्या गवताकडे बघितलं. तीन नंबर, ठो, ठीक. मला इतकं हायसं वाटलं की मी घाम पुसला.

चार नंबर. बारक्याने बोल्ट पुढे ढकलला आणि थांबला. मागे घेतला. परत ढकलला. मग त्याने रायफल जरा तिरकी करून दांड्याकडे बघितलं, आणि मान वळवून माझ्याकडे बघून हसला. नेहमीचं ते खोडकर हसू. मला वाटलं, करतोय थट्टा, शिक्केवाले भावोजी म्हणून. मीही हसलो. देवाशपथ सांगतो, मी हसलो.

आवाज वेगळा आला. ठो नाही. फाटल्यासारखा, जवळचा. पोत्यांमागून धूर उठला आणि रायफल बाजूला लवंडली. मला वाटतं पाच-सहा सेकंद कुणी हललंच नाही, मीही नाही. मला सगळं दिसत होतं आणि कळत काहीच नव्हतं. मग बारक्या गुडघ्यावर उठून बसला. उजवा हात चेहऱ्यावर होता आणि बोटांमधून रक्त मनगटाकडे येत होतं. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माझी टोपी कुठे पडली?"

त्यानंतर सगळे एकदम धावले. डॉक्टर, गाडी, आरडाओरडा. मी धावलो नाही. मामा धावले, पण ते मुलाकडे पोचले नाहीत. वाटेत गवतात तो बोल्ट पडला होता, मागे उडालेला, अजून गरम. त्यांनी तो उचलला. चटका बसला असणार, पण त्यांनी सोडला नाही. मुलगा चार हातांवर रक्ताने माखलेला बसलेला, आणि बाप तिथे उभा राहून बोल्टवर अंगठा फिरवतोय. मला वाटलं यांना वेड लागलं.

"हा नऊचा आहे," ते म्हणाले. "याला मी फार घासलं होतं."

मी त्यांच्याजवळ गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं. आवाज चढवला नाही. "तुम्ही मोजला होता ना?"

मी त्यांच्या हातातल्या बोल्टकडे बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांना कळत गेलं. ते कळताना मी बघितलं. माणसाच्या डोळ्यांत एखादी गोष्ट विझते म्हणतात, मला खरं वाटायचं नाही. मग त्यांनी बोल्ट माझ्या हातात दिला आणि मुलाकडे गेले.

त्या संध्याकाळी इस्पितळाच्या बाकावर मला सगळं समजलं, तुकड्यातुकड्याने, कारण मामांना सलग बोलता येत नव्हतं. ड्रॉइंगमधलं बोल्टच्या खांद्याचं एक माप केसभर जास्त होतं. तंतोतंत ड्रॉइंगप्रमाणे बनवलेला बोल्ट बऱ्याच रायफलींत बंदच व्हायचा नाही. पहिल्या रायफलीत योगायोगाने झाला. पुढच्यांत मामांनी प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या रायफलीपुरता घासून बसवला. कुणाला कमी, कुणाला जास्त. सुतार प्रत्येक दार रंधा मारून त्याच्या चौकटीला बसवतो तसं. दार छान लागतं. पण ते काढून शेजारच्या चौकटीला लावा.

"तुम्ही साहेबांना सांगितलं का नाहीत?" मी विचारलं. विचारायचा मला काय हक्क होता कोण जाणे.

"कागदावर थोडं इकडेतिकडे असायचंच," ते म्हणाले. "ते बरं करायला तर आम्ही. आणि मला वाटलं, तुम्ही खोलून मोजताय. तुमच्या कार्डावर दिसलंच असेल किती घासलंय ते. तुम्ही वर कळवलं असेल, साहेबांनी ड्रॉइंग सुधारलं असेल. तुम्ही बारकाईचे. आज तुम्ही मान हलवलीत. म्हणून गप्प बसलो मी."

मला वाटत होतं ते बघतायत. त्यांना वाटत होतं मी बघतोय. आणि मध्ये कुणीच बघत नव्हतं.

बारक्याचा उजवा डोळा गेला. नेमबाजाचा उजवा डोळा.

दहा दिवसांनी चौकशी बसली. मी खिशात राजीनामा घेऊन गेलो होतो. खरं सांगायचं ठरवलं होतं, शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. पण आधी मामांना बोलावलं. ते उभे राहिले, हात शिपायासारखे बाजूला, आणि म्हणाले, "बोल्ट मी घासले. जावयांनी मोजून पास केल्यावर घासले. ते घरी गेल्यावर. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांची कार्डं खरी आहेत."

ते सपशेल खोटं बोलत होते. चाळीस वर्षांत ज्या माणसाने एक खिळा घरी नेला नाही, तो समितीसमोर उभा राहून सरळ खोटं बोलत होता, आणि बोलताना एकदाही त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर व्हरांड्यात मी त्यांचा हात धरला. "मामा, हे काय केलंत?" त्यांनी हात सोडवून घेतला. "एक पोर आंधळं केलं," ते म्हणाले, "दुसरीचा संसार मोडू?"

आणि मी गप्प बसलो. राजीनामा खिशातच राहिला. मामांचं बाक दुसऱ्या दिवशी रिकामं केलं, सातही कानशी जप्त केल्या, खडूसुद्धा. निवृत्तीला आठ आठवडे उरले होते. निरोपसमारंभ राहिला बाजूला, फाटकावरच्या शिपायाने त्यांची पिशवी तपासली.

यात रायफल कुठे मेली असं तुम्ही विचाराल. ती इथेच मेली. समितीचं म्हणणं, फिटरने बिघडवलं, रायफलीचा काय दोष? पुन्हा दहा बनवा, कानस न लावता. बनवल्या. या वेळी मी प्रत्येक भाग तीन-तीनदा मोजला. अकरापैकी अकरा, अगदी ड्रॉइंगप्रमाणे. आणि दहापैकी सहा बोल्ट बंद होईनात.

ड्रॉइंगसाहेब माझ्या खोलीत आले. जुनी दहा कार्डं आणि नवी दहा कार्डं टेबलावर मांडून बसले. "मापं तीच आहेत," ते म्हणाले. "अगदी तीच. मग तेव्हाच्या कानस लावायच्या आधीच बंद होत होत्या आणि आताच्या का नाही?"

का ते मला माहीत होतं. बोट ठेवून सांगता आलं असतं, या एका मापात केसभर कमी करा, बस. पाच मिनिटांचं काम. पण ते सांगायचं तर आधी सांगावं लागलं असतं की जुनी कार्डं खोटी आहेत. म्हणजे मामा खोटं बोलले. म्हणजे मी. मी म्हटलं, "पोलादात काही फरक असेल."

त्यांनी पोलाद तपासलं. भट्टी तपासली. काडतुसं तपासली. दोन वर्षं तो माणूस माझ्या खोट्या आकड्यांच्या मागे फिरला. रात्रंदिवस तेच. शेवटी कर्नल हळहळून म्हणाले, जी रायफल कधी चालते, कधी चालत नाही, आणि का ते बनवणाऱ्यालाही कळत नाही, ती मी माझ्या पोरांच्या हातात देणार नाही. बरोबर बोलले. पण असं अहवालात लिहिलं तर कारखान्याची अब्रू जाते, म्हणून 'जड' लिहिलं. साहेबांनी बदली मागून घेतली. मफलर परत गळ्यात आला होता.

मामा मागच्या वर्षी गेले. शेवटपर्यंत माझ्याशी नीट बोलायचे, रविवारी वाढताना मला आधी वाढायला लावायचे. त्याहून त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

फोनवरच्या त्या गृहस्थांना 'जड होती' म्हटल्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बारक्याकडे गेलो. तो आता मुलांच्या सायकली दुरुस्त करतो. दुपारची वेळ, दुकान बंद करून तो चहा ओतत होता. एका डोळ्याने अंतर कळत नाही, म्हणून तो किटलीची चोच आधी कपाच्या कडेला टेकवतो आणि मगच ओततो. वीस वर्षं बघतोय.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगून टाकलं. नऊ बोल्ट मोजले नाहीत, मापं उतरवून काढली, तुझे वडील माझ्यासाठी खोटं बोलले, तुझा डोळा माझ्यामुळे गेला. वाटलं, आता हा किटली माझ्यावर फेकेल. फेकावी असंही वाटलं.

त्याने किटली खाली ठेवली.

"भावोजी," तो म्हणाला, "चौथ्याचा बोल्ट सैल होता. हाताला कळलं मला."

"काय?"

"दोनदा ढकलून बघितला ना मी. आठवतंय? कडी खुळखुळते तसा लागत होता. आठ वर्षं तेच काम करत होतो, मला नाही कळणार? उठून सांगणार होतो, हा नको." त्याने उजव्या डोळ्याच्या जागी तळहात दाबला, अजून दुखत असल्यासारखा. "मग दांडा फिरवून बघितला. त्रिकोण दिसला. तुमचा नंबर. तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही हसलात."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत दुकानाचं दार ठोठावत होतं.

"मला वाटलं, भावोजींनी मोजलंय," तो म्हणाला, "म्हणजे माझाच हात चुकतोय."